दारची करवंदी

(मंडळाच्या ज्येष्ठ महिन्यातील सभेत वाचलेले भाषण)



मागच्या सभेत चहा चालू असताना एक प्रश्न निघाला होता. ब्लूबेरीचे झाड आपल्या नौपाड्यात, कुंडीत होईल का? विचारणाऱ्या काकूंच्या नातवाला ते फळ फार आवडते, आणि बाजारात सव्वाशे ग्रॅमची डबी दोन-अडीचशे रुपयांच्या खाली मिळत नाही. मूल एका बैठकीला डबी संपवते. चिटणीसबाई लगेच म्हणाल्या, "झाडांचे तुम्हीच बघता, तेव्हा पुढच्या सभेला तुम्हीच बोला." मला उभे राहून बोलायची सवय नाही, म्हणून लिहून आणले आहे ते वाचते. मध्येच कुणाला काही विचारायचे असेल तर खुशाल विचारावे.

उत्तर आधीच सांगून टाकते, म्हणजे कुणी ताटकळत बसायला नको. झाड आणाल तर ते काही दिवस जगेल, पानेही धरील. पण नौपाड्याच्या कुंडीतून डबीभर फळ निघेल अशी आशा धरू नये. आणि त्याच कुंडीत, निम्म्या कष्टात येणारे आपले एक फळ आहे, त्याला मात्र कोणी विचारीत नाही. मला आज त्याच्याविषयी जास्त बोलायचे आहे. आमच्या दारच्या त्या झाडाला आता थोडेच महिने उरले आहेत, हेही एक कारण आहे. ते पुढे सांगते.

ब्लूबेरी मूळची उत्तर अमेरिकेतली. तिकडच्या रानात वाळूच्या, ओलसर, आंबट जमिनीत वाढणारे हे झुडूप. जमीन आंबट असते म्हणजे काय, असे मलाही आधी वाटले होते. मातीचा आंबटपणा मोजायचे एक माप आहे, शेतकी खात्याचे लोक त्याला सामू म्हणतात. सात म्हणजे मध्यम, सातच्या खाली आंबट. ब्लूबेरीला साडेचार ते साडेपाच लागतो. आता आपल्या इमारतींच्या आवारातली माती डोळ्यांपुढे आणा. तिच्यात सिमेंटचा चुरा, चुना, विटांचे तुकडे, सगळे घर बांधताना पडलेले. असल्या मातीत ब्लूबेरीची पाने पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. मातीत लोह असते, पण चुन्यामुळे झाडाला ते घेता येत नाही. शिवाय तिची मुळे केसासारखी बारीक आणि अगदी वरच्या वर पसरलेली, त्यामुळे एक दिवस पाणी चुकले तरी कोमेजते आणि पाणी साचले तर कुजते. वरून पाइनच्या पानांचे नाहीतर लाकडाच्या भुश्याचे पांघरूण घालावे लागते.

एवढे सगळे एखादी हौशी बाई करील. मोठ्या कुंडीत वेगळी माती आणून घालील. पण थंडी कुठून आणणार? ब्लूबेरीच्या जुन्या जातींना हिवाळ्यात सात अंशांखालची थंडी आठशे ते हजार तास मिळावी लागते, तेव्हा कुठे वसंतात कळ्या नीट फुटतात. उष्ण मुलखासाठी काढलेल्या नव्या जाती दीडशे-दोनशे तासांवर भागवतात. आपल्या ठाण्यात पारा चौदा-पंधरावर आला की आपण स्वेटर बाहेर काढतो आणि चार दिवसांत पुन्हा ठेवून देतो. हल्ली या फळाच्या पुष्कळ डब्यांवर पेरू या देशाचे नाव असते, म्हणून कुणी म्हणेल की तो तर गरम देश आहे. खरे आहे. पण तिथल्या बागा समुद्रकाठच्या वाळवंटात आहेत, तिथे आपल्यासारखा चार महिने पाऊस कोसळत नाही, आणि पाणी व खत नळीने थेंबथेंब मोजून देतात. आमच्या शेजारच्या सूनबाईंनी मोबाईलवरून एक रोप मागवले होते. बिचारीने फार मनापासून केले. एप्रिलमध्ये पानांच्या कडा करपल्या आणि मे संपायच्या आत काडी उरली. रोप पाठवणाऱ्याने बरोबर चिठ्ठी दिली होती, तिच्यात थंडीचा एक शब्द नव्हता.

पण हे फळ रानातून बागेत कसे आले ती गोष्ट ऐकण्यासारखी आहे. मुलीने मला ती वाचून दाखवली आणि तेव्हापासून माझ्या मनातून जात नाही. अमेरिकेत न्यू जर्सी प्रांतात एलिझाबेथ व्हाइट नावाची एक बाई होती. तिच्या वडिलांची क्रॅनबेरी नावाच्या आंबट लाल फळाची शेती होती, आणि शेताच्या कडेने रानटी ब्लूबेरीच्या जाळ्या होत्या. लोक रानात जाऊन फळ वेचीत, पण ते झाड शेतात लावता येत नाही अशी सर्वांची समजूत होती. लावणारे लोक चांगली खताची, चुन्याची जमीन द्यायचे आणि झाड मरायचे. फ्रेडरिक कोव्हिल या सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञाने १९१० साली पुस्तिका काढून दाखवून दिले की या झाडाला आंबट जमीनच हवी. ती पुस्तिका वाचून व्हाइटबाईंनी १९११ साली त्यांना पत्र घातले, आणि दोघे मिळून कामाला लागले.

बाईंनी काय केले, तर आजूबाजूच्या पाइनच्या जंगलात राहणाऱ्या गरीब लोकांना हाताशी धरले. कुठल्या जाळीला टपोरे फळ लागते हे त्या लोकांनाच ठाऊक. त्यांना मापाची पट्टी दिली, तिला भोक. फळ त्या भोकातून खाली पडले तर ते झुडूप नको, अडकले तर हवे. झुडूप दाखवणाऱ्याला पैसे दिले, आणि झुडपाला त्याचे नाव दिले. रूब लीक नावाच्या माणसाने दाखवलेल्या झुडपाचे नाव 'रूबेल' झाले. शंभर वर्षे उलटून गेली, तरी रूबेल ब्लूबेरी अजून लावतात. १९१६ साली त्यांची पहिली फळे बाजारात विकली गेली. आज आपण दोन-अडीचशे रुपये मोजतो त्या डबीची पणजी म्हणजे ती रानातली झुडपे.

म्हणजे काय, तर सव्वाशे वर्षांपूर्वी ब्लूबेरी हे तिकडचे करवंदच होते.

आता करवंदाविषयी मी तुम्हांला काय सांगावे! मे महिन्यात कसाऱ्याच्या गाडीला बसलेल्या प्रत्येकीने पळसाच्या पानाच्या द्रोणातली करवंदे खाल्ली आहेत. "डोंगरची काळी मैना" ही आरोळी आमच्या लहानपणी गल्लीत यायची. करवंद अर्धे चावून आत बघायचे, लाल निघाले तर कोंबडा, पांढरे निघाले तर कोंबडी. आमच्या घरातली कॉलेजात जाणारी मुलगी अजून आधी कोंबडा की कोंबडी ते बघते आणि मग खाते. ब्लूबेरीत जो जांभळा-निळा रंग फार गुणाचा म्हणून सांगतात, त्याच जातीचा रंग करवंदात आहे, जांभळात आहे, कोकमात आहे. आपण जांभळी नाक्यावर उभ्या राहून ब्लूबेरीचा भाव विचारतो, याचे मला कधीकधी हसू येते. परक्या फळाशी माझे वैर नाही. बटाटा, मिरची, चिकू, पेरू, सगळे बाहेरूनच आले आणि आपले झाले. पण जे आले ते इथली हवा सोसून राहिले, ही गोष्ट निराळी.

आमच्या दारची करवंदी सासूबाईंनी १९८१ साली लावली. त्या वेळी येऊरच्या पाड्यावरची एक वारली बाई मे महिन्यात डोक्यावर टोपली घेऊन नौपाड्यात यायची. सासूबाई चार टोपल्या चाखल्याशिवाय घेणाऱ्यांतल्या नव्हत्या. या बाईच्या टोपलीत एका बाजूला पानाने वेगळी ठेवलेली करवंदे असायची, बोराएवढी टपोरी, पिकली की आतून हटकून लाल, आणि चीक फार कमी. ओढ्याच्या वरच्या अंगाला एकच जाळी आहे, तिची ही, असे ती सांगायची. सासूबाईंनी त्यांतल्या बिया धुऊन मडक्यात पेरल्या. आठ उगवल्या, त्यांतली सगळ्यांत जोमदार त्यांनी पुढच्या पावसात आवाराच्या भिंतीला लावली. तिसऱ्या वर्षी फळ धरले, आणि नशीब असे की फळ त्या जाळीसारखेच निघाले. बियांपासून नेहमी तसे होत नाही.

सासूबाईंनी ही हकिकत मला निदान वीस वेळा सांगितली असेल. पण त्या बाईचे नाव त्यांना सांगता येत नसे. 'येऊरची बाई' एवढेच. रूब लीकचे नाव अमेरिकेत शंभर वर्षे राहिले, आणि जिने ती जाळी शोधली, जिने चांगली फळे पानाने वेगळी ठेवली, तिचे नाव आमच्या घरात एका पिढीतच हरवले. सासूबाई २०१४ साली गेल्या. आता विचारायला कोणी नाही.

इथे एक सांगून ठेवते. येऊर हे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीतले रान आहे. तिथे फिरायला गेल्यावर रोप उपटून किंवा फांदी मोडून आणायची नाही, तो गुन्हा होतो. फळ बाजारात बसलेल्या बायकांकडून विकत घ्यावे, आणि घासाघीस न करता घ्यावे. काट्यांत हात घालून एकेक वेचलेले असते ते. बिया तेवढ्या फेकू नका.

करवंदीची निगा सांगायची तर पहिली गोष्ट म्हणजे ऊन. दिवसातून पाच-सहा तास तरी थेट ऊन हवे. सावलीत ती जगते, लांब लांब फांद्या टाकते, पण फळाला उदास. दुसरे, माती. तिचे काही म्हणणे नाही. सह्याद्रीच्या कातळात जी वाढते तिला आपण काय माती दाखवणार? कुंडीत लावायची तर पंधरा-सोळा इंची कुंडी किंवा अर्धे पिंप घ्यावे, भोके मोठी, तळाशी विटांचे तुकडे, वर निम्मी लाल माती, थोडी रेती आणि एक हिस्सा कुजलेले शेणखत. पाणी तुंबले तर मात्र ती खपवून घेत नाही. पावसाळ्यात कुंडीखालची ताटली काढून ठेवायची, एवढे लक्षात ठेवा. मातीची भरलेली ओली कुंडी पन्नास किलोच्या वर जाते; गच्चीच्या मधोमध न ठेवता कडेला, भिंतीच्या किंवा तुळईच्या वर ठेवावी.

लाडाने करवंदी बिघडते. पहिली दोन वर्षे उन्हाळ्यात पाणी घालावे लागते, ते घालावे. त्यानंतर जमिनीतल्या झाडाला आम्ही पाणी घालीतच नाही, कुंडीतल्याला माती वाळली की घालतो. दिवाळीनंतर पाणी मुद्दाम कमी करायचे. तेव्हा ताण बसला की जानेवारी-फेब्रुवारीपासून फूल येते. पांढरे, पाच पाकळ्यांचे, जुईसारख्या वासाचे. संध्याकाळी आमच्या जिन्यात तो वास भरतो. त्या वेळी हौसेने बादलीभर पाणी आणि खत घातले तर झाड पाने काढीत बसते. खत वर्षातून एकदाच, पाऊस लागताना, दोन ओंजळी शेणखत किंवा ओल्या कचऱ्याचे खत. सरकीची पेंड, हे द्रावण, ते द्रावण, काही लागत नाही.

छाटणीचा वेळ महत्त्वाचा. करवंदीला फूल फांदीच्या शेंड्याला येते. थंडीत कुणी झाड आटोपशीर दिसावे म्हणून शेंडे कापले, तर त्या वर्षीचे फळच कापले असे समजा. फळ उतरले की लगेच, म्हणजे याच महिन्यात, छाटावे. मेलेल्या फांद्या, आत वळलेल्या फांद्या, वाटेत येणाऱ्या फांद्या काढाव्या, म्हणजे पावसात नवे फुटवे येतात आणि पुढच्या वर्षी त्यांच्या शेंड्याला फूल. हातात जाड मोजे घालून छाटा. काटे जोडीजोडीने असतात, कधी टोकाशी दुभंगलेले, आणि बोटात मोडला तर ठणका लागतो. लहान मुलांच्या खेळायच्या जागी ही लावू नये. उलट खालच्या मजल्यावर खिडकीखाली लावली तर चोराचिलटाची काळजी नाही. खेड्यात कुंपणाला लावतात ती काही उगीच नाही. तीन तीन फुटांवर रोप लावले की दोन-तीन वर्षांत शेळी शिरत नाही.

कीड म्हणाल तर पिठ्या ढेकूण तेवढा येतो, तो कापसासारखा पांढरा, फांदीच्या बेचक्यात. मुंग्यांची रांग दिसली की तो आलाच असे समजावे. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुऊन निंबोळीचे तेल मारले की जातो.

आता मुख्य गोष्टीकडे येते.

आमची इमारत पुनर्विकासाला गेली हे तुम्हां सर्वांना ठाऊक आहे. आपल्या निम्म्या नौपाड्याची आज हीच कथा आहे. करार झाले, दिवाळीनंतर घरे रिकामी करायची आहेत. नवी इमारत होईल, लिफ्ट येईल, आमच्या वरच्या मजल्यावरच्या आजींचे गुडघे सुखावतील, याचा मला आनंद आहे. नकाशा मी पाहिला. भिंतीपासून भिंतीपर्यंत गाड्यांची जागा आहे, दोन मजली. झाडे मोजायला माणसे आली होती. आंबा मोजला, दोन नारळ मोजले, फणस मोजला, खोडांवर आकडे घातले. करवंदीजवळून ते तसेच पुढे गेले. मी म्हटले, "हिचे काय?" तर म्हणाले, "ताई, ते झुडूप आहे." त्यांनी उर्मटपणाने म्हटले असे नाही. त्यांच्या कागदात तिला रकाना नसेल.

झाड मुळासकट उचलून न्यावे असे ह्यांच्याही मनात होते. रोपवाटिकेच्या माळ्याला आणून दाखवले. त्याने मुळाशी उकरून पाहिले आणि मान हलवली. चाळीस वर्षांच्या करवंदीचे सोटमूळ जुन्या जोत्याच्या दगडांत शिरले आहे, ते तुटल्याशिवाय निघायचे नाही, आणि तुटले की झाड जगण्याचा भरवसा नाही. आणि न्यायचे तरी कुठे? आम्ही दोन-तीन वर्षे भाड्याच्या घरात, तिसऱ्या मजल्यावर, जाळीच्या खिडकीत राहणार.

म्हणून झाड जाईल, पण त्याची जात ठेवायची, असे मी ठरवले आहे. त्याला दोन रस्ते आहेत. एक बियांचा. करवंदाचे बी फार दिवस टिकत नाही. डाळिंबाचे, पपईचे बी वाळवून डबीत ठेवता येते, याचे नाही. पूर्ण पिकलेल्या काळ्या फळातून काढायचे, चिकटपणा जाईपर्यंत राखेने नाहीतर रेतीने चोळून धुवायचे, एक दिवस सावलीत सुकवायचे आणि त्याच आठवड्यात पेरायचे, अर्धा इंच खोल. दोन-तीन आठवड्यांत उगवते. रोप पहिले वर्ष अगदी सावकाश वाढते, पुढच्या ज्येष्ठात जेमतेम वीतभर असते, तेव्हा निराश होऊन फेकू नका. मी गेल्या वर्षी पेरलेली तेवीस रोपे आज मागच्या बाकाखाली ठेवली आहेत. यंदाचेही बी पेरले आहे.

पण बियाणे म्हणजे मुलासारखे आहे, आईवर जाईलच असे नाही. फळ बारीक निघेल, आंबट निघेल, कोंबडी निघेल. हेच फळ जसेच्या तसे हवे असेल तर झाडाची फांदीच लावायला पाहिजे. रूबेल शंभर वर्षे रूबेल राहिली ती फांदीवरून फांदी लावीत गेले म्हणून. करवंदीची नुसती काडी खोचून सहसा रुजत नाही. गुटी बांधावी लागते. पाऊस नीट लागला की, पेन्सिलीएवढी जाड, मागच्या वर्षाची फांदी निवडायची. धारदार चाकूने इंचभर साल गोलाकार काढायची. पांढरा चीक येतो, तो ओल्या फडक्याने पुसत राहायचा, थांबला की वरच्या कडेला मुळे फुटण्याची पावडर लावायची. ती रोपवाटिकेत मिळते. मग भिजवून घट्ट पिळलेले मूठभर शेवाळ त्यावर गुंडाळायचे, वर प्लॅस्टिक, दोन्ही टोकांना सुतळीने अशी गाठ की पावसाचे पाणी आत शिरू नये. दोन-अडीच महिन्यांनी प्लॅस्टिकमधून पांढरी मुळे दिसू लागतात. ती पिवळसर झाली की गुटीच्या खाली कापायचे आणि सावलीत कुंडीत लावायचे.

पेरूची, डाळिंबाची गुटी बहुतेक लागते. करवंदी तेवढी सोपी नाही. गेल्या पावसाळ्यात मी सहा बांधल्या, दोन लागल्या. एक डोंबिवलीला नणंदेच्या अंगणात आहे, एक माझ्या गॅलरीत. दोन झाडांवर सगळी भिस्त ठेवणे मला बरे वाटत नाही. नणंदेचेही घर आज ना उद्या पाडायला जाणारच. म्हणून या वर्षी तीस गुट्या बांधायच्या आहेत. झाड ऐसपैस आहे, तीस फांद्या त्याच्यावर सहज निघतील, आणि तसेही ते कापलेच जायचे आहे. हिशेब असा, की जून संपता बांधल्या तर सप्टेंबरअखेर मुळे येतील, ऑक्टोबरात कापून कुंड्यांत लागतील, आणि दिवाळीला घराच्या किल्ल्या देईपर्यंत ज्या जगल्या त्या जगल्या. दुसरा पावसाळा या झाडाला नाही.

ज्यांना काटे, कुंडी, गुटी यांतले काही नको असेल त्यांनी विकतचे रोप घ्यावे. दापोलीच्या बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने 'कोकण बोल्ड' नावाची टपोऱ्या फळाची करवंदाची जात काढली आहे. व्हाइटबाईंनी केले तेच काम आपल्याकडे या लोकांनी केले, पण त्याची डबी दुकानात दिसत नाही. याला फळही थोडे कारण आहे. पिकलेले करवंद दोन-तीन दिवसांवर टिकत नाही, मऊ पडते. ब्लूबेरी थंड पेटीत बसून आठवडेच्या आठवडे प्रवास करते. जे फळ प्रवास करू शकत नाही ते दारातच असायला हवे.

खाण्याविषयी थोडे. लोणचे तुम्ही सगळ्या करता, ते सांगत नाही. कच्ची करवंदे चिरण्यापूर्वी हातांना आणि विळीला खोबरेल लावा, म्हणजे चीक चिकटत नाही. मात्र जेली करून पाहा. साखर घातल्यावर रस गोठवणारा जो गुण पेरूत असतो तो करवंदात भरपूर आहे. नुकती लाल झालेली दोन हिस्से आणि काळी एक हिस्सा घ्यायची, बुडेपर्यंत पाणी घालून मऊ शिजवायची, फडक्यातून रात्रभर टांगून रस गाळायचा. फडके पिळायचे नाही, पिळले की जेली गढूळ होते. जेवढा रस तेवढीच साखर घालून उकळायचे, आणि थेंब चमच्यावरून सुटा न पडता पडद्यासारखा पडू लागला की उतरवायचे. माणकासारखा रंग येतो. काकूंच्या नातवाला पोळीशी द्यावी, ब्लूबेरीची आठवण काढणार नाही. आणि केकवर लावतात ती लाल चेरी तुम्हांला माहीत आहे ना? आपल्याकडे ती पुष्कळ वेळा रंग दिलेले, पाकात मुरवलेले करवंदच असते. तेव्हा आपण करवंद खात नाही असे नाही, नाव बदलले की खातो.

अध्यक्षीणबाईंना माझी एक विनंती आहे. आपल्या सभेच्या जागेमागे, पाण्याच्या टाकीजवळ एक कोपरा मोकळा आहे. ऊन दुपारपर्यंत असते, मी तीन दिवस जाऊन पाहिले. तिथे एक गुटी लावायची परवानगी मिळावी. काट्यांमुळे काही भगिनींचा विरोध आहे हे मला कळले आहे. त्यांचे म्हणणे रास्त आहे, बालवाडीची मुले तिकडून जातात. पण टाकी आणि भिंत यांच्या मध्ये लावली आणि वाटेच्या बाजूची फांदी दर ज्येष्ठात छाटली तर मुलांचा हात पोचणार नाही. छाटायचे काम माझ्याकडे. मी भाड्याच्या घरी गेले तरी त्यासाठी येईन. यावर आज मत घ्यावे.

तेवीस रोपांपैकी आठ आधीच सांगून ठेवलेली आहेत, पंधरा उरली. ज्यांच्याकडे ऊन आहे त्यांनीच न्यावी, आणि वहीत नाव व पत्ता लिहून न्यावी. कुणाच्या झाडाला तसे फळ आले ते तिसऱ्या वर्षी मला बघायचे आहे. प्रत्येक पिशवीवर मी 'येऊरची' असे लिहिले आहे. त्या बाईचे नाव कुणा जुन्या भगिनींना आठवत असेल, ऐंशी-ब्याऐंशीच्या सुमारास घंटाळीच्या बाजूने यायची, कपाळावर गोंदण होते, तर सभेनंतर मला जरूर सांगावे. पाट्या बदलून लिहीन.

गुट्या बांधायला येत्या रविवारी सकाळी आठ वाजता आमच्या आवारात या. चार-पाच जणींनी हात लावला तर दहाच्या आत काम होईल. चाकू, सुतळी, शेवाळ माझ्याकडे आहे. जुनी साडी नेसून या, चिकाचे डाग जात नाहीत.